छतावर काम चालू आहे. आगीकडे लक्ष कोणाचं?

एप्रिल लागला की फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, पुण्याच्या पेठा, नागपुरातली सीताबर्डी, जिथे जिथे जुन्या इमारतींत ऑफिसं आहेत तिथे तिथे छतावर लगबग सुरू होते. मागच्या पावसात कुठल्या केबिनमध्ये बादली ठेवावी लागली, कुठल्या कपाटातल्या फायली भिजल्या, हे सगळ्यांच्या लक्षात असतं. मृग लागायच्या आत काम उरकलंच पाहिजे, असा धोशा असतो. नेमक्या याच दीड-दोन महिन्यांत छपराचं लाकूड वर्षातलं सर्वांत कोरडं असतं, दुपारनंतर वारा सुटतो, आणि त्यातच आपण वर गॅसची टॉर्च, वेल्डिंग मशीन, कटर चढवतो. गळती थांबवायला आलेल्या कामातून आग लागू शकते, हे काम देणाऱ्याच्या मनातच येत नाही. कोटेशनमध्ये चौरस फुटाचा दर असतो, दहा वर्षांची गॅरंटी असते, जीएसटी असतो. आगीचं नाव नसतं.

छतदुरुस्तीतली आग म्हणजे कारागिराचा निष्काळजीपणा, असं म्हणून मोकळं होता येत नाही. ज्योत वापरायची की नाही, वापरली तर किती वाजेपर्यंत, आणि ती विझवल्यावर छतापाशी कोण थांबणार, हे तीन निर्णय इमारत ज्याच्या ताब्यात आहे त्याचे आहेत. प्रिमायसेस सोसायटीचे सेक्रेटरी, ट्रस्टचे व्यवस्थापक, कचेरीतले अधीक्षक, कंपनीचे अ‍ॅडमिन यांच्यासाठी हे लिहितो आहे. कंत्राटदारांनी वाचलं तर आनंदच आहे.

१६ एप्रिल २०२४ च्या सकाळी कोपनहेगनमधलं ‘बोर्सेन’ पेटलं. चौथ्या ख्रिश्चन राजाने सतराव्या शतकात बांधलेला हा जुना शेअर बाजार. आग लागली तेव्हा तिथे डेन्मार्कच्या व्यापार संघटनेचं कार्यालय होतं. इमारतीची मोठी दुरुस्ती चालली होती, भोवती परांची उभी होती. चार ड्रॅगनच्या शेपट्या एकमेकींत पिळलेला तो ५६ मीटर उंचीचा मनोरा सगळ्या शहरादेखत कोसळला. दोन दिवसांनी बाहेरच्या भिंतीचा मोठा भागही पडला. कर्मचारी आणि रस्त्यावरची माणसं भिंतीवरची जुनी चित्रं उचलून बाहेर आणत होती. त्याच्या आधी पाच वर्षं, १५ एप्रिल २०१९ ला, पॅरिसचं नोत्र दाम जळालं. तिथेही छपरापाशी दुरुस्ती चालू होती. संध्याकाळी साडेसहाच्या आतच धोक्याची घंटा वाजली होती, पण पाहायला गेलेला माणूस चुकीच्या माळ्यावर गेला आणि अर्धा तास हातचा गेला. आठ वाजायच्या आत मनोरा पडला.

या दोन मोठ्या नावांपेक्षा मला एक लहान उदाहरण जास्त शिकवणारं वाटतं. इंग्लंडच्या दक्षिणेला अपपार्क नावाचा जुना वाडा आहे. ३० ऑगस्ट १९८९ रोजी त्याच्या छपरावरच्या शिशाच्या पत्र्याला ज्योतीने जोड देण्याचं काम चालू होतं. दुरुस्ती अगदी संपत आली होती, खाली वाडा पाहायला आलेली माणसं फिरत होती. त्या कामातूनच छपराने पेट घेतला आणि वरचे मजले गेले. वाडा पुन्हा उभा करून लोकांसाठी खुला करायला १९९५ साल उजाडलं. छताची कामं संपत आली की सगळेच थोडे सैलावतात. शेवटचे दोन-तीन जोड राहिलेले असतात, सामान आवरायला घेतलेलं असतं, पाण्याची बादली खाली गेलेली असते. माझ्या मते शेवटचा आठवडा हाच सर्वांत धोक्याचा.

आग कुठून शिरते

जुन्या ऑफिसांची छतं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक कौलारू किंवा पत्र्याचं: लाकडी कैच्या, त्यांवर वासे, रिपा, वर मंगळुरी कौलं, आणि खाली नंतर कधीतरी ठोकलेलं फॉल्स सीलिंग. दुसरं गच्चीचं. यातही फसगत होते, कारण वरून सिमेंट दिसतं म्हणून आपण ती आरसीसी समजतो. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींत गच्चीच्या कोब्याखाली सागवानी तुळया आहेत. काम द्यायच्या आधी शेवटच्या मजल्यावरची सीलिंगची एक-दोन फळकुटं काढून वर बॅटरी मारून पाहा. तुमचं छत कशाचं आहे हे कागदावरून कळत नाही, तिथे डोकं घालूनच कळतं.

गच्चीवर डांबरी शीट बसवताना काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. सपाट भागावर कारागीर टॉर्च फिरवतो तेव्हा ज्योत मोकळ्या हवेत असते, खाली सिमेंट असतं, भीती कमी. पण शीट पॅरापेटवर चढवायची वेळ आली की तो उकिडवा बसतो आणि ज्योत थेट वाट्यात धरतो, म्हणजे स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात त्या गोलसर कोपऱ्यात. शीटवरची प्लास्टिकची फिल्म वितळून डांबर चकाकू लागेपर्यंत ज्योत तिथून हलत नाही. जुन्या इमारतीत नेमका हाच कोपरा फुटलेला असतो. कुठे काढून टाकलेल्या पाइपाचं भोक असतं, कुठे भिंतीत घुसवलेलं तुळईचं टोक उघडं पडलेलं असतं. हजार अंशांपेक्षा जास्त तापलेला झोत त्या फटीतून आत जातो. आत कित्येक वर्षांची धूळ, कबुतरांनी आणून टाकलेल्या काड्या, कोळिष्टकं, वाळवीने केलेला लाकडाचा भुगा. हा माल लगेच भडकत नाही, धुमसत राहतो. वरून काहीही दिसत नाही. शीट नीट चिकटली, कारागीर हातभर पुढे सरकला, आणि ती फट आता शीटखाली गडप झाली. पाचला काम थांबतं, सहाला ऑफिस सुटतं, आणि वॉचमनला धूर दिसतो तेव्हा रात्रीचे नऊ झालेले असतात.

कौलारू छपरात तर फटीही शोधाव्या लागत नाहीत. कैचीला लोखंडी पट्टी मारायची म्हणून वेल्डर वर चढतो. ठिणग्या कौलांच्या फटींतून, सीलिंगच्या पाठीवर पडतात. तिथे जुनी वायरिंग असते, आणि पुष्कळ कचेऱ्यांत पोटमाळ्यावर पन्नास-पन्नास वर्षांचं दप्तर बांधून ठेवलेलं असतं. कागदाच्या गठ्ठ्यात शिरलेली ठिणगी तासन्‌तास जिवंत राहते.

वेल्डिंग करणाऱ्याला आग दिसत नाही, हे जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी फार महागात पडलं. टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्याच्या सांध्यावर वेल्डिंग चालू होतं. तप्त कण खाली सीलिंगमधल्या थर्माकोलसारख्या पॉलिस्टायरिनच्या थरात पडले. वर काम चालू, खाली प्रवासी, आणि मधल्या पोकळीत आग. १७ माणसं गेली. आपल्याकडे राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ ला वेल्डिंगच्या ठिणग्या पडल्या आणि क्षणात सगळं पेटलं, हे सीसीटीव्हीत देशाने पाहिलं. ठिणगी पडते एकीकडे आणि ती पाडणारा असतो दुसरीकडे.

ज्योतीशिवाय होतं का, हे आधी विचारा

कोटेशन आलं की पहिला प्रश्न दराचा विचारू नका. या कामाला ज्योत लागते का, हा विचारा. बहुतेक ठिकाणी लागत नाही. गच्चीसाठी थंड पद्धतीने लावायचे लेप आहेत, मागून कागद सोलून चिकटवायच्या शीट आहेत, आणि आपला जुना ब्रिकबॅट कोबा तर आहेच. पत्रे बसवायला स्क्रू आणि जे-हूक पुरतात. कैचीच्या लोखंडी पट्ट्या खाली वर्कशॉपमध्ये मापाने कापून, भोकं पाडून आणता येतात आणि वर फक्त बोल्ट आवळता येतात. गंजलेला बोल्ट गॅस कटरने उडवण्याऐवजी हॅक्सॉने कापायला दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

लाकडी छतावर, किंवा ज्या गच्चीखाली लाकूड आहे तिथे, ज्योत नकोच. याला अपवाद करू नका. कंत्राटदार म्हणेल, “साहेब, वीस वर्षं करतोय, काही होत नाही.” त्याच्याशी वाद घालू नका. वर्क ऑर्डरमध्ये ‘ज्योतीचा वापर करणार नाही’ असं लिहून सही घ्या.

थंड पद्धतीला एक अट आहे, तीही सांगतो. पृष्ठभाग कोरडा हवा आणि दोन थरांच्या मध्ये वाळायला वेळ हवा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात काम काढलं की तो वेळ मिळत नाही, मग कंत्राटदार टॉर्चच काढतो. म्हणून सभेत ठराव जानेवारीत करा, काम फेब्रुवारीत सुरू करा. आगीपासून बचावाची निम्मी तयारी कॅलेंडरवर होते.

ज्योत लागणारच असेल तर

खाली निखळ आरसीसी आहे आणि टॉर्च-ऑन शीटच घालायची ठरलं, किंवा पाण्याच्या टाकीचं लोखंडी स्टँड जागेवरच जोडायचं आहे, तर रोजचा परवाना काढा. याला साइटवर ‘हॉट वर्क परमिट’ म्हणतात. साधा एक कागद पुरतो. आज कुठल्या भागात काम, किती ते किती, कोण करणार, पहाऱ्याला कोण, कुठले डिटेक्टर बंद केले आणि ते परत कधी चालू होणार. हा कागद एका दिवसाचा. उद्या नवा. सही करणाऱ्याने ऑफिसात बसून सही करायची नाही. छतावर जायचं, मग खालच्या मजल्यावर जाऊन सीलिंगच्या वर पाहायचं, आणि मग सही.

कामाच्या भोवतालचा सुमारे ११ मीटरचा घेर मोकळा करा. हे ३५ फुटांचं अंतर अमेरिकेतल्या ‘एनएफपीए ५१बी’ या मानकातलं आहे आणि आपल्याकडेही चांगले सेफ्टी ऑफिसर तेच धरतात. या घेरातले पुठ्ठे, थर्माकोल, रंगाचे डबे, गोणपाटं हलवा. हलवता न येणारी वस्तू अग्निरोधक ब्लँकेटने झाका. ताडपत्रीने नको, ती स्वतःच जळते. पन्हळी, आउटलेट, एसीच्या पाइपांची भोकं ओल्या बोळ्याने किंवा सिमेंटने बुजवा. प्रायमर लावलेला असेल तर तो पुरता वाळू द्या. डांबरी प्रायमरमध्ये सॉल्व्हंट असतं, त्याची वाफ कोपऱ्यात साचते, आणि ओल्या प्रायमरवर टॉर्च धरली की भपकन पेटते.

सिलेंडरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सर्रास चुका होतात. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही. गच्चीवरून वाहत पन्हळीत, जिन्यात, लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. म्हणून सिलेंडर जिन्याच्या तोंडाशी किंवा आउटलेटच्या जवळ ठेवायचा नाही. घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर साइटवर दिसला तर काम थांबवा, तो वापरणं बेकायदा आहे. होज फाटलेली, तारेने बांधलेली चालणार नाही. आणि एक प्रकार डोळ्यांत तेल घालून पाहा. सिलेंडर अर्ध्यावर आला की दाब कमी होतो, अंगावर बर्फ धरतं, आणि मग कामगार तो आडवा करतात किंवा चक्क टॉर्चची ज्योत सिलेंडरच्याच अंगावर फिरवतात. आडव्या सिलेंडरमधून द्रवरूप गॅस बाहेर येतो आणि ज्योत एकदम कितीतरी पट होते. ज्योत फिरवण्याबद्दल तर बोलायलाच नको. दाब कमी झाला तर सिलेंडर बदलायचा, दुसरा उपाय नाही. दिवसअखेर सिलेंडर छतावर ठेवायचे नाहीत. खाली, उघड्या आवारात, कुलपात.

वेल्डिंगची अर्थिंगची क्लॅम्प कामाच्या जागेलाच लावायला सांगा. लांब कुठल्या तरी पाइपाला किंवा सळईला लावली की करंट इमारतीच्या लोखंडातून वाट काढत येतो आणि सैल सांधा असेल तिथे तापतो. तो सांधा भिंतीत, लाकडाला टेकलेला असू शकतो.

डांबराची कढई अजूनही काही ठिकाणी लाकडं जाळून गच्चीवरच उकळतात. ही पद्धत बंदच करा. गरम डांबर हवंच असेल तर कढई खाली मोकळ्या जागेत, झाकणासह, कायम एक माणूस शेजारी. पेटलेल्या डांबरावर पाणी कधीही टाकायचं नाही; ते उसळून अंगावर येतं. झाकण घालायचं, बर्नर बंद करायचा. हे तिथल्या प्रत्येक कामगाराला त्याच्या भाषेत सांगा. छतावर काम करणारे बरेचसे हिंदी, बंगाली, कन्नड बोलणारे असतात. मराठीत लावलेला बोर्ड त्यांच्यासाठी नाही.

काम थांबल्यानंतरचा वेळ

सगळ्यांत महत्त्वाचं हे आहे आणि सगळ्यांत जास्त चुकवलं जातं तेही हेच. ज्योत विझली की कामगाराचा दिवस संपतो, आगीचा संपत नाही. ‘एनएफपीए ५१बी’ने पहाऱ्याचा किमान वेळ २०१९ च्या आवृत्तीत अर्ध्या तासावरून एक तासावर नेला. जुन्या, पोकळ्यांनी भरलेल्या इमारतीला तो एक तासही मी अपुरा मानतो. एक तास सलग पहारा, आणि पुढचे तीन तास दर अर्ध्या तासाने फेरी, असं ठरवा.

याचा हिशेब मागे नेला की ज्योत कधी बंद करायची ते आपोआप ठरतं. ऑफिस सहाला सुटत असेल तर ज्योतीचं काम दुपारी दोनला थांबायला हवं. मग पहाऱ्याचा पूर्ण काळ इमारतीत माणसं असताना जातो. जळका वास कुणाला तरी येतो, धूर कुणाला तरी दिसतो. दुपारनंतर कारागिरांना मोजमाप, सफाई, उद्याच्या भागाची तयारी अशी बिनज्योतीची कामं द्या. कंत्राटदार कुरकुरेल, दोन दिवस जास्त लागतील म्हणेल. लागू द्या. शनिवारी संध्याकाळी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, ‘आजच संपवतो’ म्हणून चालवलेली टॉर्च तर अजिबात नको. रिकाम्या इमारतीत धुमसणाऱ्या लाकडाला पूर्ण रविवार मिळतो.

पहाऱ्याला कामातलाच हेल्पर ठेवू नका. त्याला मुकादम दर दहा मिनिटांनी हाक मारणार, तो सामान आणायला जाणार. दोन माणसं लागतात: एक वर आणि एक बरोबर त्याखालच्या मजल्यावर. खालचा माणूस जास्त महत्त्वाचा. त्याच्यासाठी सीलिंगच्या फळ्या काढून ठेवा, शिडी लावून ठेवा, बॅटरी द्या. भिंतीच्या वरच्या भागाला, तुळईच्या टोकाला हाताचा पंजा उलटा करून लावून पाहायला शिकवा. ऊब पंजाच्या मागच्या बाजूला लगेच जाणवते. परवडत असेल तर थर्मल कॅमेरा भाड्याने आणा. भिंतीआड तापलेला भाग तो वेळेत दाखवू शकतो. आणि या दोघांना एक अधिकार स्पष्ट शब्दांत द्या: शंका आली तर कुणालाही न विचारता काम थांबवायचं आणि नवीन बसवलेली शीटसुद्धा उचकटायची. हजारभर रुपयांच्या शीटसाठी कोणी कचरू नये.

विझवण्याच्या साधनांत एक गल्लत होते. ६ किलोचे एबीसी पावडरचे सिलेंडर दोन आणून ठेवले की झालं, असं समजतात. पावडर ज्वाळा मारते, पण लाकडाच्या आत धुमसणारा निखारा थंड करत नाही. दहा मिनिटांनी तो पुन्हा डोकं काढतो. त्याला पाणीच हवं. म्हणून पावडर हवीच, आणि जोडीला पाण्याने भरलेला होजपाइप, नळ चालू, कामाच्या जागेपर्यंत पोचणारा.

टाकी रिकामी करताना

इथे एक गोष्ट सांगतो जी जवळपास प्रत्येक ठिकाणी निसटते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं की त्यातच ‘टाकीचंही करून घेऊ’ असं ठरतं आणि वरची टाकी रिकामी होते. पुष्कळ इमारतींत आग विझवण्याच्या डाऊनकमरला, म्हणजे मजल्या-मजल्यावरच्या हायड्रंटला पाणी देणाऱ्या उभ्या पाइपाला, पाणी त्याच टाकीतून येतं. म्हणजे छतावर ज्योत आहे, आणि त्याच दिवसांत प्रत्येक मजल्यावरचा हायड्रंट कोरडा. टाकीचं काम आणि ज्योतीचं काम एका वेळी काढूच नका. एकाच वेळी करणं भागच असेल तर पर्यायी टाकी जोडून, पंप चालवून, सर्वांत वरच्या हायड्रंटला पाणी येतं हे स्वतः पाहा.

तसंच डिटेक्टरचं. धूळ जाऊ नये म्हणून त्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधतात, पॅनेल सायलेंट करतात, आणि काम संपल्यावर पिशव्या तशाच राहतात. फक्त कामाच्या भागातले डिटेक्टर बंद करा, संध्याकाळी पिशव्या काढा, आणि परवान्यावर तशी नोंद करा. हाँगकाँगच्या ताय पो भागात २६ नोव्हेंबर २०२५ ला दुरुस्ती चालू असलेल्या वसाहतीला आग लागली, दीडशेहून अधिक माणसं गेली. परांचीवरची जाळी, खिडक्यांवर लावलेला फोम, आणि न वाजलेल्या धोक्याच्या घंटा, हे सगळं एकाच ठिकाणी जमून आलं होतं. ती राहती घरं होती, पण हिरवी जाळी आणि निळी ताडपत्री आपल्या ऑफिसांवरही तशीच गुंडाळलेली असते. अग्निरोधक जाळी बाजारात मिळते. ती मागा, आणि एक तुकडा कापून खाली रस्त्यावर जाळून पाहा. खरी असेल तर काडी दूर नेल्यावर विझेल.

गच्चीचं दार हा तर वेगळाच विषय. सिंदिया हाऊसला, बॅलार्ड इस्टेटमधल्या आयकर कार्यालयांच्या इमारतीला, १ जून २०१८ ला आग लागली तेव्हा अडकलेली माणसं गच्चीवर गेली आणि तिथून त्यांना उतरवलं. छतदुरुस्तीच्या काळात याच वाटेवर सिमेंटच्या गोण्या, शीटचे रोल आणि मुकादमाचं कुलूप असतं. जिना आणि दारासमोरची जागा रोज सकाळी मोकळी असल्याचं पाहा. गच्ची काही दिवस खरोखरच वापरता येणार नसेल तर सगळ्या भाडेकरूंना लेखी कळवा की आगीच्या वेळी वर जायचं नाही, खालीच उतरायचं, आणि तशी एकदा ड्रिल घ्या.

सोलर पॅनेल असतील तर ध्यानात ठेवा: मेन स्विच बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनेलपासूनच्या वायरीत करंट असतोच. त्या वायरीजवळ ग्राइंडर फिरवण्याआधी पॅनेल बसवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलवा. जनरेटरचं डिझेल, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या यांच्या जवळ ठिणगी जाणार नाही एवढं अंतर ठेवा. तात्पुरत्या विजेसाठी प्लग वापरायला लावा. सॉकेटमध्ये वायरची टोकं काडीने ठोकून बसवलेली दिसली तर तिथेच काम थांबवा. छतावर स्वयंपाक नाही, विडी नाही, मुक्काम नाही. कामगारांना जेवायला आणि टेकायला खाली सावलीची जागा द्या. ती न देता बंदी घातली तर ती कागदावरच राहते.

कायदा आणि कागद

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा ताबेदारावर आहे. दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म-बी घ्यावा लागतो. हा फॉर्म देणाऱ्या एजन्सीलाच काम सुरू व्हायच्या आधी एकदा छतावर न्या. टाकी, डाऊनकमर, डिटेक्टर यांतलं काय काय बंद पडणार आहे ते तिला दाखवा आणि पर्याय लिहून घ्या. ‘कंत्राटदाराने केलं’ हे उत्तर अंगाशी आल्यावर कामाला येत नाही. विमा कंपनीलाही छतावर ज्योतीचं काम होणार असल्याचं आधी पत्र द्या. पॉलिसीच्या अटी वाचा, त्यात अशा कामाबद्दल काही असेल तर ते पाळल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. रोजच्या परवान्यांची फाइल हाच तो पुरावा. वारसा यादीतली इमारत असेल तर परवानगीचे सगळे कागद कौलांचा रंग आणि लाकडाची जात यांवर असतात, म्हणून आगीच्या अटी तुम्हीच त्यांना जोडून घ्या.

गेटवर एका पाकिटात इमारतीचा नकाशा ठेवा: जिने, गच्चीची दारं, विजेचा मेन, टाकी, आणि आज काम कुठे चालू आहे. फोर्टच्या किंवा पेठांच्या गल्ल्यांत काम चालू असताना डेब्रिजचा ट्रक आणि वाळूचा ढीग बंबाची वाट अडवतात. ती जागा रोज संध्याकाळी मोकळी करून घ्या. रात्रीच्या वॉचमनला कामाची माहिती द्या, छताच्या किल्ल्या द्या, आणि जळका वास आला तर काय करायचं ते त्याच्याकडून म्हणवून घ्या. पुष्कळ वॉचमन आधी सेक्रेटरीला फोन करतात, सेक्रेटरी कंत्राटदाराला, कंत्राटदार मुकादमाला, आणि मुकादम म्हणतो मी येऊन बघतो. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पेटलं. १९१५ सालच्या त्या वास्तूचं छप्पर एका रात्रीत गेलं. ती दुरुस्तीतली आग नव्हती, पण जुनं छप्पर एकदा पेटलं की किती वेळ देतं, हे तिथे दिसलं.

म्हणून वॉचमनच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा: छतातून धूर किंवा जळका वास आला तर आधी १०१ ला फोन, मग सगळ्यांना बाहेर काढायचं, आणि साहेबांना फोन त्यानंतर.